बाबांचे ४२ दिवस, एक हरवलेली लुंगी आणि नखं कापणारी सिस्टर

आधीच सांगतो, बाबा ४२ दिवस जिथे राहिले त्या केअर होमचं नाव लिहिणार नाहीये. बाबांना घरी आणलं त्या दिवशी मोठ्या सिस्टरला (तिथली इनचार्ज नन) विचारलेलं की तुमच्याबद्दल चार ओळी टाकू का, तर म्हणाली टाक, पण नाव नको, खाटा सोळा आणि वहीत अकरा जणं थांबलेली, अजून फोन आले की नाही म्हणायचं काम माझ्याच डोक्यावर. म्हणून एवढंच, गोव्यात म्हापशापासून गाडीने पंचवीसेक मिनिटं, नन लोकांनी चालवलेलं केअर होम, पुढे जुनं कौलारू घर आणि मागे नवीन वॉर्ड जोडलेला. ज्यांना खरंच गरज आहे त्यांनी जवळच्या इगर्जीत (चर्चमध्ये) पाद्रीला विचारा, अशा जागांचा पत्ता त्यांनाच माहीत असतो.

आम्ही पेडण्याचे. शिगम्याच्या चार दिवस आधी बाबा न्हाणीत घसरले, खुब्याचं हाड गेलं. वय ७८, शुगर वीस वर्षांची. बांबोळीला जीएमसीत (गोवा मेडिकल कॉलेज) ऑपरेशन झालं, दुसऱ्याच दिवशी त्यांनी वॉकर देऊन उभं पण केलं, ते सगळं व्यवस्थित. खरा प्रश्न डिस्चार्जनंतर. आमच्या घराला पाच पायऱ्या, संडास मागच्या अंगणात आणि तोही खाली बसायचा, खुब्याच्या ऑपरेशननंतर तसं बसायचं नाही म्हणजे नाही, मांडी नाही, पाट नाही, पायावर पाय नाही. बायको शाळेत, मी एका फार्मा फॅक्टरीत पॅकिंगचा शिफ्ट इनचार्ज, कधी सकाळ कधी रात्र. नर्सिंग ब्युरोतून माणूस आणला तर तो तिसऱ्या दिवशी न सांगता गेला. मग ऑफिसमधल्या एकाने ही जागा सांगितली.

आत्याचा फोन आलाच. "बापायक ख्रिस्तांवांगेर दवरलो?" (बापाला ख्रिश्चनांकडे ठेवलंस?) म्हणून. मला पण मनात थोडं होतं, खोटं कशाला बोलू. बाबा भजनी माणूस, गळ्यात तुळशीची माळ, सोमवारी मासे नाहीत. ते मी फॉर्म भरताना सिस्टरला सांगितलं, तिने "सोमवार शिवराक" (शाकाहारी) असं खाटेच्या कार्डावर लिहून टाकलं आणि पुढच्या रकान्यावर गेली. ४२ दिवसांत बाबांना कोणी प्रार्थनेला बोलावलं नाही. संध्याकाळी सातला तेर्स (जपमाळेची प्रार्थना) म्हणतात तो वॉर्डात ऐकू येतो, तेवढंच. बाबा त्यावेळेला आपला हरिपाठ पुटपुटायचे, आवाजात थोडी स्पर्धा व्हायची.

जेवण ठीक. सकाळी अकराला उकड्या तांदळाची पेज आणि लोणचं, दुपारी शीत-कडी, बांगडा असला तर बांगडा. तिखट कमी, आमच्या पेडणेकर जिभेला हुमण (माशाची आमटी) म्हणजे नुसता नारळाचा रस वाटला, पण शुगरवाल्या पेशंटला भात मोजून देतात, वाढप्याच्या मनावर नाही. स्वच्छता एक नंबर. खाटेवरून न उठणाऱ्या पेशंटला दर दोन तासांनी कूस बदलतात, तक्ता भिंतीला लावलाय आणि वेळ लिहून सही करावी लागते. मी पॅकिंगवाला माणूस, लॉगबुकात सगळ्या सह्या एकदम शिफ्ट संपताना कशा मारतात ते मला चांगलं माहितीये, म्हणून दोन-तीनदा मुद्दाम अवेळी जाऊन तक्ता बघितला. खऱ्या सह्या होत्या.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते. चौथ्या दिवशी रात्रपाळी करून थेट तिकडे गेलो, साडेसहा वाजले असतील. बाबा खुर्चीत, पाय प्लास्टिकच्या बेसिनात, आणि समोर जमिनीवर चटई टाकून मोठी सिस्टर बसलेली. मला वाटलं कुठली तरी आया आहे, कारण अंगावर एप्रन आणि ननचं डोक्यावरचं कापड मागे पिन केलेलं. बाबा लाजून लाल. "बाय, म्हज्या पांयांक हात लावूं नाका" असं चाललेलं त्यांचं, आमच्याकडे पायाला हात लावायचा तो लहानाने मोठ्याच्या, आणि ही तर देवाची बाई, तिने आपले भेगाळलेले पाय धरावेत हे त्यांना पचेना. सिस्टर हसली आणि म्हणाली, "सां पेद्रून लेगीत अशेंच म्हणिल्लें, मागीर आयकलो." (संत पेत्र पण असंच म्हणालेला, मग ऐकलं.) बाबांना काही कळलं नाही, पण पाय ढिला सोडला.

पाणी कोमट, तिने आधी स्वतःचं कोपर बुडवून बघितलं, कारण शुगरवाल्याला पायाला चटका बसला तरी कळत नाही. मी म्हटलं जरा वेळ भिजू दे ना, नखं मऊ होतील, तर लगेच टोकलं, भिजत घालायचे नाहीत, कातडी मऊ पडून फाटते, धुवायचे आणि काढायचे. मग टॉवेलने पुसणं, प्रत्येक दोन बोटांच्या मधे टॉवेलचं टोक घालून, तिथे ओल राहिली की बुरशी धरते. क्रीम टाचेला लावलं, बोटांच्या बेचक्यात नाही. नखं सरळ कापली, कोपरे गोल न करता, आणि शेवटी बारीक कानशीने घासली. डाव्या करंगळीखाली एक छोटा फोड होता तो तिला दिसला. आम्ही घरात तीन माणसं, आम्हाला कोणालाच माहीत नव्हता. सगळ्याला मिळून वीस मिनिटं. मग बेसिन उचलून बाहेर पेरूच्या झाडाला ओतलं आणि पुढची खाट.

नंतर कळलं की पाय आणि नखं हे काम तिथे फक्त तीच करते. सोळाही पेशंटची. आया लोकांना नको असतं, वास येतो, काही म्हातारे लाथ पण मारतात. पाच नंबरला एक रिटायर्ड माणूस होता, बोटीवर काम केलेला, तो सगळ्यांना दर्यावर्दी शिव्या घालायचा, तिला तर खास. त्याचे पाय ती सगळ्यात शेवटी घ्यायची, म्हणजे घाई नको.

मी एकदा विचारलं की तुम्ही इनचार्ज, हे तुम्ही का करता. तिने जे सांगितलं ते माझ्या भाषेत लिहितो. योहानाच्या शुभवर्तमानात तेराव्या अध्यायात आहे, पकडला गेला त्याच रात्री येशू जेवणावरून उठला, कमरेला टॉवेल बांधला आणि शिष्यांचे पाय धुवायला लागला. त्या काळात धुळीत चालून आलेल्या पाहुण्याचे पाय धुणं म्हणजे घरातल्या सगळ्यात खालच्या नोकराचं काम. पेत्र म्हणाला माझे कधीच नाही धुवायचे, मग ऐकला (सां पेद्रू तो हाच). आणि तिचं म्हणणं, लोक पेत्राची गोष्ट सांगतात पण त्या बाराजणांत यहूदा पण बसलेला, दगा देणार हे माहीत असून त्याचे पण धुतले, तो उठून गेला ते नंतर. पाच नंबरवाल्याकडे बघून ती हे बोलली, मग स्वतःच जीभ चावली.

अजून एक तिने सांगितलं ते मला जास्त लागलं, कारण ते सरळ आमच्या फॅक्टरीतलं वाटलं. याकोब आणि योहान दोघे भाऊ येशूकडे गेले की तुझं राज्य आलं की आम्हाला तुझ्या उजव्या-डाव्या बाजूची खुर्ची दे. बाकीचे दहा चिडले. तिच्या मते ते काही तत्त्वासाठी चिडले नव्हते, यांनी आपल्या आधी अर्ज टाकला म्हणून चिडले. तेव्हा येशूने सांगितलं की जगातले राज्यकर्ते सत्ता गाजवतात, तुमच्यात तसं नको, ज्याला मोठं व्हायचंय त्याने सेवक व्हावं. आणि लूकच्या मते मोठा कोण हा वाद त्या शेवटच्या जेवणाच्या वेळी पण निघाला. म्हणजे तीन वर्षं बरोबर फिरून टीमच्या डोक्यात काही शिरलं नव्हतं. ऐकून मला जरा बरं वाटलं, माझ्याकडे चौतीस जणं आहेत.

आमच्या कंपनीने दोन वर्षांमागे पणजीला हॉटेलात "सर्व्हंट लीडरशिप"चं ट्रेनिंग ठेवलेलं. रॉबर्ट ग्रीनलीफ म्हणून एक अमेरिकन, आयुष्यभर एटी अँड टी या टेलिफोन कंपनीत काढलेला, त्याने १९७० मध्ये हा शब्द काढला, आधी सेवक मग लीडर, वगैरे साठ-सत्तर स्लाइड. लंच ब्रेकला बुफेच्या लाइनीत सगळ्यात पुढे आमचे साहेब. सर्टिफिकेट माझ्याकडे अजून आहे.

होमचा ड्युटी चार्ट किचनच्या दाराला लावलाय, कोणीही वाचावा. मोठ्या सिस्टरचं नाव रविवारच्या रात्रीला, कार्निव्हलच्या रात्रींना आणि जुन्या पानावर नाताळच्या रात्रीला. माझ्या चार्टमध्ये माझी नाइट कुठे असते ते मी इथे लिहिणार नाही.

एकदा चूक झाली, ती पण सांगायला हवी. रात्री दहाला फोन आला, मोठी सिस्टर स्वतः. सात नंबरची प्रेशरची गोळी बाबांना दिली गेली, डॉक्टरशी बोलणं झालंय, दर तासाला बीपी बघतोय, तू येऊ शकतोस, गेट उघडं ठेवते. आणि मग, "चूक म्हजी." मी गेलो, बाबा घोरत होते, सकाळपर्यंत काही झालं नाही. चूक तिची नव्हतीच, एका नवीन आयाने ट्रे उलटा धरला होता, हे मला दुसऱ्याच आयाकडून कळलं. त्या मुलीला कोणी ओरडलेलं मी बघितलं नाही. ती त्या रात्री रडत होती म्हणे, सिस्टरने तिला चहा करून दिला आणि दोघींनी बसून सगळ्या डब्यांवर रंगीत स्टिकर लावले, तोच रंग खाटेच्या कार्डावर. दोन दिवसांनी गेलो तर तीच मुलगी गोळ्या देत होती, सिस्टर शेजारी उभी. ब्युरोकडून पाठवलेली दुसरी बाई मागू शकली असती. मागितली नाही.

आमच्याकडे लेबल चुकलं की माझं पहिलं वाक्य ठरलेलं, "कोणी केलं?" लाइन बंद, सगळ्यांसमोर. मग होतं काय, पुढच्या वेळी लेबल चुकलं की कार्टन गुपचूप खाली सरकवतात. हे मला आधीपासून माहीत होतं, नवीन काही नाही.

आता दुसरी बाजू, कारण नुसतं कौतुक लिहिलं तर सिस्टरलाच आवडणार नाही. एक, चाव्या. सगळ्या कपाटांच्या चाव्यांचा जुडगा तिच्या कमरेला, दुसऱ्या कोणाकडे नाही. एक दिवस ती तापाने पडली आणि सकाळी अकरापर्यंत वॉर्डात धुतलेली चादर नव्हती, कपाट बंद आणि तिला उठवायला कोणी धजेना. एवढी सेवा करते पण भरवसा टाकत नाही, असं मला वाटलं आणि मी बोललो पण. नातेवाइकांशी तिचं बोलणं तुटक, भेटायची वेळ चार ते सहा म्हणजे सहा, एक मिनिट वर नाही (मला सकाळी सोडायचे ते रात्रपाळीची दया म्हणून). दुपारी एक ते तीन फोन उचलत नाहीत, सुशेगाद.

दुसरी गोष्ट जास्त नाजूक. एक आया, आठ वर्षं तिथे असलेली, तिच्याशी बाकावर बसून बोलत होतो. म्हणाली पगार बाहेरच्यापेक्षा कमी आहे. मी म्हटलं मग माग ना. तर म्हणे कशी मागू, ती आमच्यापेक्षा जास्त राबते आणि तिला तर पगारच नाही, तिच्यासमोर उभं राहून पैसे मागायला तोंड होत नाही. हे मला रात्रभर डोक्यात राहिलं. साहेब वाईट असला तर त्याच्याशी भांडता येतं, युनियन करता येते. साहेब स्वतःच घाण उचलत असेल तर माणूस अवघडून गप्प बसतो, आणि ते गप्प बसणं वरून बघणाऱ्याला समाधानासारखं दिसतं. आयाचं नाव न घेता मी सिस्टरला हे सांगितलं. तिने बाजू मांडली नाही, देणग्या किती येतात वगैरे रडगाणं पण नाही. थोडा वेळ गप्प बसली, मग विचारलं, "सगल्यांक अशें दिसता?" (सगळ्यांना असं वाटतं?) मी म्हटलं मला एकीचं माहीत. तिने वहीत काहीतरी लिहिलं. पुढे काय झालं मला माहीत नाही, आठ दिवसांनी आम्ही निघालो. पण चादरीच्या कपाटाची चावी तेव्हा त्या आठ वर्षंवाल्या आयाच्या गळ्यात दिसली.

पॅसेजमध्ये सां जुझे वाज यांचा फोटो आहे, बाबा वॉकर घेऊन तिथपर्यंत जायचे आणि परत, फिजिओने दिलेलं टार्गेट. १६५१ ला बाणावलीत जन्मलेला आपला गोंयकार. डचांनी श्रीलंकेत कॅथलिक पाद्रींना बंदी घातलेली तेव्हा १६८७ मध्ये हमालाच्या वेषात तिकडे गेला, पुढे कँडीत त्याला हेर समजून कैदेत टाकलं, आणि १६९७ मध्ये तिथे देवीची साथ आली, लोक आजाऱ्यांना टाकून पळत होते तेव्हा हा माणूस राहिला आणि त्यांची शुश्रूषा केली. २०१५ च्या जानेवारीत पोप फ्रान्सिसनी कोलंबोत त्याला संत जाहीर केलं. बाबांना हे सगळं तिथल्याच एका झारखंडच्या लहान सिस्टरने मोडक्या कोंकणीत सांगितलं, आणि बाबांनी तिला उलट फादर स्टीफन्स ऐकवला, इंग्लंडातून आलेला पाद्री, १६१६ मध्ये गोव्यातल्या रायतूरला ख्रिस्तपुराण छापलं ते मराठीत, ओवीत, रोमन लिपीत छापलेलं पण भाषा आपली. ज्ञानेश्वरीच्या चालीत बसतं म्हणे. मला स्वतःला हे बाबांच्या तोंडून पहिल्यांदा कळलं, घरात कधी विषयच निघाला नव्हता.

पवित्र गुरुवारी चॅपेलात पाय धुवायचा विधी असतो, पाद्री येतो आणि बारा जणांचे पाय धुतो. तिथे दोन आया, कुक, ड्रायव्हर, वॉचमन आणि बाकी पेशंट असे बारा बसवतात. बाबांना पण विचारलं, जबरदस्ती नाही. बाबा म्हणाले, "म्हजे काल जाले, दुसऱ्याक दियात." मग पाच नंबरवाला बसला, शिवी न देता. वॉचमन बेळगावकडचा, तो मात्र विधीच्या आधी नळावर जाऊन साबण लावून दोनदा पाय घासून आला, पाद्रीला माती लागू नये म्हणून. मी दारात उभा राहून बघत होतो. मोठी सिस्टर चॅपेलात नव्हती, वॉर्डात तीन पेशंट उठू न शकणारे, त्यांच्यापाशी कोणीतरी हवं, आणि त्या दिवशी सगळ्या आयांना विधीला बसायचं होतं.

पैशाचं सांगतो. महिन्याला २२ हजार, औषधं, डायपर आणि फिजिओ वेगळे. पावती मिळते. ज्यांच्याकडे नाहीत त्यांच्याकडून कमी घेतात, किती ते सांगत नाहीत. पार्किंग नाही, गल्ली अरुंद, मोठी गाडी नेऊ नका, समोरून पाववाला सायकल घेऊन आला तरी अडकायला होतं. मच्छर आहेत, घरची मच्छरदाणी न्या. आणि कपड्यांवर मार्करने नाव लिहा, हे मुख्य. बाबांची निळी चौकड्याची लुंगी तिसऱ्या आठवड्यात गेली ती गेलीच. पाच पैकी साडेचार, अर्धा लुंगीचा कापला.

बाबा आता काठीवर चालतात. मागच्या रविवारी मी बेसिन घेऊन बसलो, कोपर बुडवून पाणी बघितलं, बोटांच्या मधे पुसलं, सगळं तिच्यासारखं. अंगठ्याचं नख जाड, कटर सटकला, रक्त नाही आलं पण बाबांनी पाय मागे घेतला. "सिस्टर सवकास कापता," म्हणाले. मग पाय परत पुढे केला. डाव्या करंगळीखालचा फोड सुकलाय, तिथे आता नुसता डाग आहे.